जाड वायरला लग लावायचा: झाळून की दाबून?

मे महिन्यातली संध्याकाळ. वीज जाऊन अर्धा तास झाला होता आणि तीन पंखे, टीव्ही, फ्रिज असं सगळं इन्व्हर्टरवर चाललं होतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." मी आधी गॅस बघितला, मग मिक्सरचा प्लग. वास येत होता बॅटरीच्या ट्रॉलीमागून. पॉझिटिव्हच्या लगला (लग म्हणजे वायरच्या टोकाला बसवायचा तांब्याचा तुकडा, एका बाजूला वायर शिरायची नळी, दुसऱ्या बाजूला बोल्टचं भोक असलेली पट्टी) बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. लगच्या तोंडाशी वायरचं लाल आवरण तपकिरी होऊन फुगलं होतं.

तो लग मीच लावला होता. दोन वर्षांपूर्वी, घरातल्या ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने, मोठ्या अभिमानाने झाळून. दुसऱ्या दिवशी वायरमन काका आले. त्यांनी तोच लोड चालू करायला लावला आणि मल्टिमीटरची एक पिन लगच्या पट्टीवर, दुसरी वायरच्या उघड्या तांब्यावर टेकवली. ०.३ व्होल्ट. आकडा किरकोळ वाटतो ना? पण ६०० वॅटचा लोड १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालला की, इन्व्हर्टरची स्वतःची तूट धरून, वायरमधून साधारण ६० अँपिअर वाहतात. ०.३ गुणिले ६० म्हणजे १८ वॅट. लगच एक छोटा सोल्डरिंग आयर्न होऊन बसला होता. काकांनी वायर हलकेच पिरगाळली आणि ती लगमधून सुटून हातात आली.

त्यानंतर घरचे, भावाच्या ट्रॅक्टरचे, शेजाऱ्यांचे असे बरेच लग लावले. जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. डोळ्यांसमोर इन्व्हर्टर आणि गाडीची बॅटरी आहे, म्हणजे १६ ते ५० चौरस मिमीची तांब्याची वायर. दुकानात लगला थिंबलही म्हणतात, वस्तू तीच.

१. आधी ठरवा: दाबायचा की झाळायचा

दाबायचा. म्हणजे क्रिंप करायचा. झाळण्याचे अपवाद आहेत, ते सातव्या पायरीत येतील.

कारण समजून घेतलंत तर पुढे कुणी "अहो, वरून जरा कथील सोडा, एकदम पक्कं होईल" म्हणालं तरी डगमगणार नाही. नेहमीचं ६०-४० सोल्डर, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं, १८३ अंश सेल्सिअसला वितळायला लागतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. जोड ढिला झाला की तापतो, तापला की कथील मऊ होतं, मऊ झालं की जोड आणखी ढिला होतो. म्हणूनच केबलच्या हिशेबात एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं प्लॅस्टिक) आवरणाच्या केबलला शॉर्टसर्किटच्या क्षणी २५० अंशांपर्यंत मुभा देतात, पण तिचा जोड झाळलेला असेल तर १६० वर थांबतात.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. वितळलेलं कथील तारांच्या फटींतून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. थेट आवरणाच्या आत शिरतं. मग लवचीक वायरचा तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो आणि ताठ भाग जिथे संपतो त्या रेषेवर वायर मोडते. घरात कोपऱ्यात उभ्या असलेल्या बॅटरीला याने फारसा फरक पडत नाही, पण ट्रॅक्टर आणि पिकअपवर सतत थरथर असते. भावाच्या ट्रॅक्टरची सेल्फची वायर अशीच तुटली होती, बाहेरून आवरण शाबूत आणि आत तारांचा भुगा.

तिसरी गोष्ट माझ्या लगचं खरं दुखणं. तांबं उष्णता इतक्या झपाट्याने ओढून नेतं की ६० वॅटचा आयर्न २५ चौरस मिमीची वायर तापवूच शकत नाही. वरचं कथील वितळतं, आतलं तांबं तुलनेने थंडच राहतं आणि कथील त्याला न चिकटता वर गोळा होऊन बसतं. दिसायला झकास, आतून पोकळ. कल्हईवाला आधी पातेलं भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो. मी पातेलं न तापवताच कल्हई करायला निघालो होतो.

आता क्रिंपमध्ये काय होतं ते. मी मुद्दाम दोन लग वाया घालवले. एक हायड्रॉलिक टूलने दाबला, दुसरा पकडीने चेपून वर हातोडीचे दोन घाव घातले. दोन्ही हॅक्सॉने आडवे कापले आणि कापलेली बाजू पॉलिश पेपरवर घासली. पकडीने चेपलेल्या लगमध्ये तारा साबुदाण्याच्या खिचडीसारख्या मोकळ्या, दाणा न् दाणा वेगळा. टूलने दाबलेल्यात तारा ओळखूच येईनात. भिंगातून बघितल्यावर पुसट षटकोन दिसले, मधाच्या पोळ्यासारखे, मध्ये फट नाही. दाबाने तारा एकमेकींत रुतल्या की त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर फाटतो, तांबं तांब्याला भिडतं आणि हवेला आत शिरायला जागा उरत नाही. हवा नाही म्हणजे पुढचा गंजही नाही.

तेव्हा घोळ फक्त झाळण्यात नाही. पकडीने चेपलेला लग झाळलेल्यापेक्षाही वाईट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पकडीने चेपून वरून कथील ओतलेला, कारण तो बघून कुणालाच शंका येत नाही.

२. सामान जमवा

- तांब्याचे टिनचा मुलामा दिलेले लग. दोन-चार जास्तीचे घ्या.
- हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल आणि त्याच्या डाय, म्हणजे लग ज्यांच्यामध्ये दाबला जातो ते दोन तुकड्यांचे साचे. ४ ते ७० चौरस मिमीच्या डायचा संच असलेलं छोटं टूल घरच्या कामाला पुरून उरतं.
- केबल कटर. पकडीने तोडलेल्या वायरचं टोक चपटं होतं आणि लगमध्ये शिरत नाही.
- धारदार कटर-ब्लेड, कानस, मल्टिमीटर.
- हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आकसून घट्ट बसणारी प्लॅस्टिकची नळी, लाल आणि काळी. आतून गोंद असलेली मिळाली तर उत्तम.
- योग्य मापाचा पाना, त्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून. का ते सहाव्या पायरीत.
- पेट्रोलियम जेली आणि खाण्याचा सोडा.

टूल विकत घ्यायलाच हवं असं नाही. दोनच लग लावायचे असतील तर वायर मापाने तोडून इलेक्ट्रिकच्या मोठ्या दुकानात न्या. पॅनेल बनवणाऱ्यांकडेही टूल असतं, किरकोळ पैशांत समोर दाबून देतात. फक्त समोर उभे राहा आणि डायवरचा आकडा स्वतः वाचा.

३. वायर आणि लगची जोडी जमवा

लगच्या पट्टीवर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ २५-८. पहिला वायरचं माप, २५ चौरस मिमी. दुसरा भोकाचं, म्हणजे ८ मिमीचा बोल्ट. बोल्ट आधी मोजा. ६ चं भोक असलेला लग आणून ते ड्रिलने मोठं करायचा मोह होतो, पण मग पट्टीच्या कडेला तांबं उरत नाही.

वायरचं माप तिच्या आवरणावर छापलेलं असतं. जाडी बघून माप ठरवू नका. जाड आवरणात बारीक तांबं गुंडाळलेली वायर बाजारात सर्रास मिळते, विशेषतः 'इन्व्हर्टर केबल' नावाखाली. त्याहून मोठी फसवणूक म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम वायर. एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत करा. हातातही कळतं, ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असल्याने वेटोळं संशयास्पद हलकं लागतं.

लग सैल वाटला म्हणून वायर दुमडून किंवा सुट्या तारा कोंबून भरू नका. उलट, वायर शिरत नाही म्हणून कडेच्या दहा-वीस तारा छाटूही नका. २५ च्या लवचीक वायरमध्ये साधारण १९६ तारा असतात, प्रत्येकी ०.४ मिमीच्या. वीस छाटल्या म्हणजे तुम्ही वायरच दहा टक्के बारीक केली.

४. वायर सोला

थांबा, त्याआधी स्लीव्ह वायरवर ओवा आणि मागे सरकवा. ही पायरी प्रत्येक जण एकदा तरी विसरतो. मग इतका सुंदर दाबलेला लग कापायचं जिवावर येतं आणि काळी टेप गुंडाळून वेळ मारून नेली जाते. (माझ्या घरातला एक लग अजून टेपवरच आहे.)

लग वायरच्या बाजूला धरून नळीची खोली बघा आणि त्याहून १ ते २ मिमी जास्त सोला. ब्लेड आवरणावर गोल फिरवा, पण आरपार दाबू नका. शेवटचा पापुद्रा वाकवून तोडायचा, म्हणजे तारांवर ओरखडा येत नाही. तारा काळ्या किंवा हिरवट असतील तर तेवढा तुकडा तोडा आणि आत चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे या.

आता तारांच्या मूळ पिळाच्या दिशेने हलकासा पीळ द्या आणि लग घाला. नळीच्या मानेजवळ छोटं भोक असेल तर त्यातून तांबं दिसलं पाहिजे.

टोकाला आधी कथील पाजून मग क्रिंप करायची युक्ती कुणी सांगेल. ऐकू नका. कथील दाबाखाली महिनोन्महिने हळूहळू सरकत राहतं आणि आज घट्ट असलेला क्रिंप ढिला पडतो. अंतराळयानांच्या वायरिंगसाठी नासाचे जे नियम आहेत त्यांतही कथील पाजलेली तार क्रिंप करायला मनाई आहे. एमसीबीच्या स्क्रूखाली झाळलेलं टोक घालणं हा याच चुकीचा घरगुती अवतार. तिथे पिन टाइप लग वापरा.

५. दाबा

वायरवर २५ लिहिलंय, लगवर २५ लिहिलंय, तर डायच्या दोन्ही तुकड्यांवरही २५ च हवं. दोन्ही म्हणतोय, कारण पेटीत तुकडे मिसळतात. माझ्या हातून एकदा वरचा २५ आणि खालचा ३५ लागला आणि लग केळ्यासारखा वाकडा झाला.

टूलचा बाजूचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने बंद करा. लग डायमध्ये धरून दांडा दोन-तीनदा मारा, लग फक्त पकडला जाईल इतपत. इथे थांबून बघा, वायर तळापर्यंत गेली आहे ना, की धरताधरता बाहेर सरकली? बहुतेक वेळा सरकलेली असते. आत ढकला आणि मग पुढे दाबत राहा. दांडा जड होत जातो आणि दोन्ही डाय एकमेकींना टेकतात. टेकल्या की बस. साध्या टूलमध्ये दाब आपोआप सुटत नाही, नंतरही जोर लावलात तर सील फुटून तेल गळायला लागतं. व्हॉल्व्ह उघडा.

नळी लांब असेल तर दोन क्रिंप मारा. पहिला पट्टीच्या बाजूला, दुसरा वायरच्या तोंडाकडे, म्हणजे दबलेलं तांबं मोकळ्या बाजूला पसरतं.

लग बाहेर काढून वाचायला शिका. दोन्ही बाजूंना पातळ, धारदार कान फुटले असतील तर लगच्या मानाने डाय लहान होती. जरासे असतील तर कानशीने घासा, मोठे असतील तर तो लग फेका. डाय टेकूनही वायर हलत असेल तर डाय मोठी होती किंवा वायर छापलेल्या मापापेक्षा बारीक आहे. नळीला चीर गेली असेल तर विचार करत बसू नका, कापून नवा लावा.

६. तपासा आणि बसवा

लग व्हाइसमध्ये धरून वायर जोरात ओढा. अंगातला जोर लावून ओढा. सुटायचीच असेल तर आत्ता सुटू दे.

स्लीव्ह अजून आकसवू नका. आता बॅटरीकडे. इन्व्हर्टर बंद, त्याचा भिंतीतला प्लग काढलेला. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण पाना दोन टर्मिनलवर एकदम टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी त्या वाटेत आली तर बोट भाजून निघतं. पान्याला टेप म्हणून. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि उदबत्तीसुद्धा लांब. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. घरच्या इन्व्हर्टरला हा क्रम फारसा महत्त्वाचा नाही, पण गाडीत चेसीला निगेटिव्ह जोडलेला असतो, म्हणून तीच सवय ठेवलेली बरी. शेवटचा लग टेकताना इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमुळे एक ठिणगी उडते, दचकू नका. लाल-काळ्याची अदलाबदल मात्र झाली तर इन्व्हर्टर दुरुस्तीला नेण्याची तयारी ठेवा.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा असेल तर सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. पाणी बॅटरीच्या सेलमध्ये जाऊ देऊ नका.

लग थेट टर्मिनलच्या शिशावर टेकला पाहिजे, वायसर त्याच्यावर. वायसर लगच्या खाली घातलेला मी इतक्या ठिकाणी बघितलाय की मोजणं सोडलं. त्याने सगळा करंट लोखंडाच्या पातळ चकतीतून जातो आणि लग कितीही छान असला तरी जोड तापतो.

आता मापन. घरातला नेहमीचा लोड चालू करा, मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा. एक पिन लगच्या पट्टीवर, दुसरी लगच्या तोंडाशी सोडलेल्या त्या १-२ मिमी उघड्या तांब्यावर. ६० अँपिअरला २५ च्या वायरचा दहा सेंटीमीटरचा तुकडासुद्धा जेमतेम ५ मिलिव्होल्ट खातो. लग त्याच्या आत हवा. २०-३० दिसले तर कापून पुन्हा करा. मग पिन पट्टीवर आणि टर्मिनलच्या शिशावर टेकवा. तिथे आकडा मोठा आला तर दोष बोल्टचा किंवा बुऱ्याचा, लगचा नाही. माझ्या लगवर ३०० मिलिव्होल्ट होते, आठवतंय ना?

सगळं ठीक असेल तर लग काढून स्लीव्ह नळीवर आणा आणि हॉट एअर गनने आकसवा. नवऱ्याने हेअर ड्रायर पळवला अशी तक्रार आमच्या घरात झालेली आहे, आणि त्याने काम अर्धवटच होतं. परत बसवून, घट्ट करून, वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्या. पंधरा दिवसांनी बोल्ट पुन्हा एकदा पान्याने बघा. शिसं मऊ असतं, दाबाखाली बसतं, पाव फेरा निघतोच.

७. झाळायचंच असेल तर

बारीक वायर, सर्किट बोर्ड, स्पीकर, एलईडीची पट्टी, इथे झाळणंच योग्य. जाड वायरचे झाळलेले लगही वर्षानुवर्षं टिकलेले सापडतात. पूर्वीचे लोक लग ब्लो लॅम्पवर तापवून त्याची नळी कथलाने भरत आणि कथील पातळ असतानाच वायर त्यात बुडवत. वायर आणि लग दोन्ही पूर्ण तापलेले, म्हणून जोड खरा व्हायचा. अमेरिकेत छोट्या बोटींच्या वायरिंगचे नियमही नुसत्या कथलाच्या आधारावर जोड ठेवू देत नाहीत. बॅटरीच्या लगला तेवढी सूट आहे, तीही कथील भरलेली लांबी वायरच्या व्यासाच्या दीडपट तरी असेल तर.

तेव्हा टूल मिळणारच नसेल आणि वायर हलणारी नसेल, तर ब्लो टॉर्चने करा. आवरणावर ओलं फडकं गुंडाळा, राळेचा फ्लक्स वापरा आणि कथील ज्योतीने नव्हे, तापलेल्या लगच्या अंगावर वितळू द्या. ॲसिड फ्लक्स पत्र्याच्या कामाचा. तो तारांच्या आत राहून वर्षभरात तांबं हिरवं करतो. हे काम बॅटरीपासून लांब, अंगणात.

८. शेतातली केबल ॲल्युमिनियमची असेल तर

मीटरपेटीपासून मोटारीच्या स्टार्टरपर्यंत बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल असते. तिला नेहमीचं कथील चिकटतच नाही, त्यामुळे झाळण्याचा प्रश्न मिटला. पण तांब्याचा लगही चालत नाही. ॲल्युमिनियम उघडं पडताक्षणी त्यावर ऑक्साइडचा टणक थर येतो आणि तो वीज वाहत नाही. तारेच्या ब्रशने घासून लगेच जॉइंटिंग पेस्ट लावायची, ॲल्युमिनियमचाच लग घालायचा आणि दाबायचा. स्टार्टरमधला बोल्ट तांब्या-पितळेचा असतो, तिथे बायमेटॅलिक लग (एक बाजू ॲल्युमिनियमची, दुसरी तांब्याची) किंवा तसला वायसर हवा, नाहीतर ओल लागली की दोन धातूंच्या मध्ये ॲल्युमिनियम गंजून झिजत जातं. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, म्हणून हे बोल्ट दर हंगामाला बघावे लागतात.

इथे ४१५ व्होल्ट आहेत. लगची जोडी तुम्ही निवडा, डायचा आकडा तुम्ही वाचा, वायसर कुठे बसतोय त्यावर नजर ठेवा. हात मात्र परवानाधारक वायरमनलाच घालू द्या, तेही पोलवरचा पुरवठा बंद करून आणि टेस्टरने तिन्ही फेज बघून.